लिडियाच्या लग्नाची मोटार

मित्रांनो, मी एक जुनी विलायती मोटार आहे. दोन कार्बोरेटर, लांबलचक नाक आणि घाटातही दम न लागणारं इंजिन! शर्यतीसाठी घडले, बोटीतून आले आणि नगरला आबासाहेबांच्या दारात रमले. माझा आवाज ऐकून लोक हातातलं काम टाकून बघत. हे सांगताना आजही मला गर्व होतो, होऊ द्या!

पण एकाहत्तरच्या दसऱ्यानंतर माझं काहीतरी बिनसलं. थोडा वेळ झोकात धावायचे, मग ठसकत बंद पडायचे. त्यातच आबासाहेबांनी शेजारच्या फिलिप मास्तरांना शब्द दिला होता, की त्यांच्या लेकीला, लिडियाला, मी कोल्हारच्या चर्चमध्ये लग्नाला नेईन.

"आज वाटेत थांबली, तर उद्या हिला भंगारात घालतो," निघताना आबासाहेब पत्नीला, रतनबाईंना म्हणाले. माझ्या काळजाचं पाणी झालं.

नागापूर मागे पडलं आणि मी थांबलेच. मागच्या सीटवर पांढऱ्या साडीतली लिडिया घड्याळाकडे बघू लागली. आबासाहेबांनी कार्बोरेटरची नळी सैल केली. पेट्रोल येईना. पंप तर टिकटिकत होता. त्यांनी नळीत फुंकून पाहिलं, तोंड कडू करून घेतलं, शेवटी टाकीचं झाकण उघडलं. फुस्स! टाकी भरलेली होती. नळी पुन्हा घट्ट केली, झाकण लावलं, किल्ली फिरवली आणि मी लगेच गुरगुरले. सगळे हसले. पण काही मैलांवर पुन्हा तेच. झाकण उघडलं, पुन्हा फुस्स!

"अवो, टाकी वारं ओढती!" रतनबाई ओरडल्या. "रॉकेलच्या डब्याला एकच भोक पाडलं तर रॉकेल येतंय का? वारं शिरायला दुसरं लागतंच की!"

त्यांनी झाकण हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा पडला. झाकणाला वारं घेण्याचं बारीक छिद्र होतं. दसऱ्याच्या पूजेत त्यांनीच तिथे तेलात कालवलेला शेंदूर थापला होता. तो वाळून घट्ट बसला होता.

"म्हटलं, हे गाडीचं पोट हाय. पोटाला आशीर्वाद जास्त पायजे."

आबासाहेब पोट धरून हसले. लिडियाने डोक्यावरच्या नवरीच्या जाळीची टाचणी काढली. "काकू, ह्यानं निघंल बघा!"

छिद्र मोकळं झालं आणि मी काय पळाले म्हणून सांगू! जाळी एका बाजूने सुटून खिडकीबाहेर फडफडत होती. चर्चची घंटा वाजायला आणि मी दारात उभी राहायला एकच गाठ पडली. आबासाहेबांनी सगळ्यांदेखत माझ्या नाकावर थोपटलं. भंगाराचं नाव पुन्हा निघालं नाही.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, आम्हाला ती आवडते. फक्त आमची श्वास घेण्याची जागा तेवढी मोकळी ठेवा. रतनबाई आता दर दसऱ्याला आधी लिडियाची ती टाचणी झाकणाच्या छिद्रातून फिरवतात आणि मगच मला कुंकू लावतात.