ओली लिनक्लेटरच्या दारातला दगड

"इथं उंबरठा होता हो," थापीने माती खरवडत उत्खननाची प्रमुख कर्स्टी म्हणाली. "दोन्ही बाजूंचे दगड जागेवर आहेत, मधली खाच तेवढी रिकामी. दीड हजार वर्षांपूर्वीच्या पिक्ट लोकांचं एवढं देखणं घर, आणि कुणा मेल्यानं दारच पळवलंय!"

"मेला कशाला? जिवंत असेल," ओली लिनक्लेटर म्हणाला आणि समुद्राकडून येणाऱ्या धुक्याकडे बघत राहिला.

चोर तोच होता. पन्नास वर्षांपूर्वी इंगाशी लग्न ठरलं, तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराला दगड हवा होता. त्याच्या शेतातल्या याच, आता खणलेल्या उंचवट्यातून मधोमध झिजलेला एक गुळगुळीत दगड आयता हाती लागला. ऑर्कनीच्या या बेटांवर दगड विकत घेणाऱ्याला लोक हसतात. पुढं शेहेचाळीस वर्षं इंगा त्याच्यावर बसून बटाटे सोलत आली. चार हिवाळ्यांपूर्वी ती गेली. हल्ली सकाळचा चहा ओली तिथंच घेतो, जरा कडेला सरकून.

आणि उद्या कर्स्टीची माणसं हे घर पुन्हा मातीत बुजवणार होती. उघडं ठेवलं तर वारा-पाऊस त्याची वाट लावतील. म्हणजे आजचा दिवस तोंड मिटून बसलं की सुटला.

दुपारी सगळे सूप प्यायला गेले. ओली खाली उतरून चुलीच्या दगडांपाशी टेकला. धुकं आत आलं आणि चारी बाजूंच्या चिमुकल्या खोल्या त्यात विरून गेल्या. त्याचे डोळे जड झाले. कुठून तरी जळत्या पीटचा, चुलीत घालायच्या सुक्या दलदली मातीचा, वास आला. बाहेर अनवाणी पावलं वाजली, दाराशी आली आणि रिकाम्या खाचेपाशी थबकली.

"ये की आत," ओली म्हणाला.

ती आली नाही. ती इंगा होती की या घरची कुणी, हे त्याला कळलं नाही. भीतीही वाटली नाही. फक्त फार वाईट वाटलं.

"चल पोरी, माझ्याकडे चहा घे," कर्स्टी परतल्यावर तो म्हणाला.

त्याच्या दारात पाऊल उचलता उचलता ती थांबली. वाकली. खिशातली टेप काढून तिने दगड मापला, पुन्हा मापला.

"ओली! तुम्ही?"

"मीच तो मेला."

ती हसली, मग दाराशेजारच्या खुंटीवरच्या इंगाच्या एप्रनकडे तिचं लक्ष गेलं. "राहू द्या इथंच. मी कागदावर नोंद करते. कोणी काही बोलणार नाही तुम्हाला."

"आणि त्यांचं घर बिनदाराचं पुरायचं?"

"पण तुम्हाला..."

"माझं काय घेऊन बसलीस? तिकडची पहार दे."

दुसऱ्या दिवशी दगड खाचेत उतरवला. बसू नये, असं ओलीला मनातून फार वाटत होतं. तो एका बोटाचीही फट न ठेवता बसला.

मग माती लोटायला सुरुवात झाली. खोल्या गेल्या, चूल गेली. दाराशी फावडं आलं तसा ओली पुढं झाला.

"इथं फावडं नको."

तो गुडघ्यांवर बसला. ओंजळ ओंजळ माती घेऊन त्याने आधी मधला झिजलेला खळगा भरला. घाई कर, असं त्याला कोणीही म्हणालं नाही.