दहावं माणूस

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता आरोग्य उपकेंद्राच्या बाकांवर सहा म्हातारी माणसं बसली होती आणि मला दहा हवी होती. मी दारात जाऊन चढाचा रस्ता बघत होते, आत येऊन लसीच्या पेटीचं झाकण दाबून बघत होते, पुन्हा दारात जात होते.

"बेबी, बस की जरा एका जागी. तुझ्याकडे बघून मलाच दम लागतोय," आत्या म्हणाली.

मी चोपन्न वर्षांची आहे, पंचवीस वर्षं नर्स आहे, तरी आत्या मला सगळ्यांसमोर बेबीच म्हणते. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं, लोकांचे कपडे शिवून शिकवलं, तेव्हा तिला बोलणार कोण? ती एक्क्याऐंशीची. तिच्या छातीचं दुखणं जुनं आहे. साध्या सर्दीनेही ती पंधरा दिवस अंथरूण धरते. हा साथीचा आजार तिला झाला तर काय होईल, हा विचार मी दिवसातून वीस वेळा करत होते आणि वीस वेळा अर्धवट सोडत होते.

लसीची बाटली असते अंगठ्याएवढी. तिच्यात दहा डोस. एकदा सुई आत गेली की चार तासांत दहाही संपवायचे, उरलेले फेकायचे. म्हणून आमच्या जिल्ह्याचा नियम असा, की दहा माणसं समोर बसल्याशिवाय बाटली उघडायची नाही. आणि ही दहाही पंचाहत्तरच्या पुढचीच हवीत, कारण आमच्याकडे अजून तोच गट चालू होता. आमच्या वरच्या वस्तीत अशी माणसं एकूण सव्वीस. पाच अंथरुणाला खिळलेली, चार मुलांकडे गेलेली. उरली सतरा. त्यांतल्या दहा जणांचे गुडघे, डोळे आणि मूड एकाच दिवशी जागेवर असायला हवेत. हा नियम ज्याने केला त्याच्या घरात बहुतेक म्हातारं माणूस नसावं.

मंगळवारी आणि शुक्रवारी खालून पेटी यायची. तीन आठवड्यांत सहा वेळा आली आणि सहाही वेळा तशीच परत गेली. आज सातवी खेप. आत्याचं घर उपकेंद्राला लागूनच, त्यामुळे ती सातही वेळा आली होती. पहिल्या दिवशी तर इस्त्रीची साडी नेसून.

पूल ओलांडला की दुसरा जिल्हा लागतो. तिथे माझी मावसबहीण नर्स आहे. पंचाहत्तरवाले त्यांनी पहिल्याच महिन्यात उरकले, साठवाले झाले, आता पंचेचाळीसच्या पुढचे चालू. मी तिला फोनवर विचारलं, तुम्हाला दहा जण मिळतात तरी कसे? ती हसली. "तीन आले तरी उघडतो गं. सात फेकतो. कोण विचारतंय?"

आमच्याकडे विचारणारं माणूस होतं. आमच्या मॅडम, जिल्ह्याच्या लसीकरण अधिकारी. आमचा जिल्हा शंभरात एकोणीस जणांना टोचून अडकला होता, पण वाया गेलेल्या डोसांच्या रकान्यात आमच्या वस्तीपुढे शून्य होतं, आणि मॅडम दर सोमवारी बैठकीत त्या शून्यासाठी माझी पाठ थोपटायच्या. "जिथे वाया जातं तिथला पुरवठा आधी कापणार आहेत, लिहून ठेवा," म्हणायच्या. बाटली उघडलीच नाही तर वाया काय जाणार, हे विचारायचं बैठकीत कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही. खोटं कशाला बोलू, त्या शून्याचा मला अभिमान होता.

बारापर्यंत आठ झाले. एक वाजता टपालवाले आजोबा आले आणि नऊ झाले. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी ते सगळ्या वस्तीच्या बातम्या घरोघर पोचवतात. आल्या आल्या आत्याशेजारी बसले, बोलायला सोयीचा म्हणून तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढला आणि एस.टी.त नाही, जीपमध्ये नाही, पायीच कसा आलो ते सांगू लागले. मध्ये मध्ये खोकत होते.

"आजोबा, मास्क वर," मी म्हणाले.

"घसा खवखवतोय जरा. बाकी ठणठणीत आहे."

मी ताप बघितला. नव्हता. वारा लागतो म्हणून कुणीतरी खिडकी लावून घेतली होती, ती मी उघडली. पाच मिनिटांनी ती पुन्हा लागलेली होती.

आता एकच हवा होता. मी मदतनीस बाईला घरोघरी पिटाळलं. तीन घरांतून नकार आला, चौथ्या घरातून ती सुतारकाकांना धरूनच घेऊन आली. माझा जीव भांड्यात पडला. मी त्यांचं कार्ड हातात घेतलं, जन्मतारीख वाचली, बोटांवर मोजली, पुन्हा मोजली.

"काका, तुम्हाला पंचाहत्तर व्हायला तीन आठवडे आहेत."

"असं होय? आधी कळलं असतं तर जरा लवकर जन्मलो असतो," काका म्हणाले. सगळे हसले. मी नाही हसले.

मॅडमना फोन लावला. नऊ आहेत, म्हटलं. एकच वाया जाईल, नाहीतर सुतारकाकांना घेऊ द्या, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

"मग तीन आठवड्यांनी आणा त्यांना," मॅडम म्हणाल्या. "आणि एकच वाया जाईल म्हणजे काय? आज तुम्ही एक घालवा, उद्या दुसरे पाच घालवतील. सिस्टर, तुमचं उदाहरण मी सगळ्यांना देते."

फोन ठेवला तेव्हा पेटी आणणारा गाडीवाला दाराला टेकून उभा होता. एकसष्ट वर्षांचा माणूस. रोज लस घेऊन चार वस्त्या फिरतो, पण कंत्राटी असल्यामुळे आमच्या जिल्ह्यात तो आरोग्य कर्मचारी नाही, आणि साठवाल्यांचा गट उघडलेला नाही. "माझा मेहुणा पुलापलीकडे राहतो," तो म्हणाला. "सेहेचाळीसचा आहे. घरबसल्या नुसता टीव्ही बघतो. त्याचे दोन्ही झाले. उघडा सिस्टर, कोण बघतंय?"

बाकांवरची सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी पेटी उघडली. बाटली हातात घेतली. गार होती.

आणि मग माझी नजर आत्याकडे गेली. तिने हळूच मान हलवली. मी जवळ गेले तशी ती माझ्या कानाशी पुटपुटली, "राहू दे. माझ्यासाठी उघडलीस म्हणतील. तुझ्या नोकरीवर येईल."

हे मी तिच्यावर ढकलत नाही. तिने म्हणायच्या आधी तेच माझ्या मनात आलं होतं. समोर नऊ परके असते तर कदाचित मी उघडली असती. पण त्यांत माझी आत्या होती, आणि सिस्टरने घरच्या माणसासाठी नियम मोडला, हे वस्तीभर झालेलं मला नको होतं. मी बाटली परत ठेवली.

चार वाजेपर्यंत वाट बघितली. दहावं माणूस आलं नाही. कुणी काठी शोधली, कुणी चप्पल. एक आजी जाताना म्हणाल्या, "आता मी काही पुन्हा येत नाही बाई. मरायचं तर घरीच मरू." आत्या सगळ्यांच्या शेवटी उठली. तीन तास शेजारी बसून टपालवाल्या आजोबांनी तिला सगळ्या बातम्या दिल्या होत्या.

सोमवारी बैठकीत मॅडमनी पुन्हा माझं नाव घेतलं. मी खिडकीबाहेर बघत होते. बैठक संपता संपता मदतनीस बाईचा फोन आला, की टपालवाल्या आजोबांना ताप आहे आणि तपासणीत तोच आजार निघाला आहे.

मी तशीच बाहेर आले. आत्याला फोन केला. "मी बरी आहे गं, जीव नको काढूस," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच वाटला, किंवा मी तो नेहमीचा ठरवला.

मंगळवारी पेटी आली. दहा वाजता चार माणसं होती. दहा वाजून पाच मिनिटांनी मी बाटली उघडली.

मदतनीस बाई तोंडाकडे बघत राहिली. "सिस्टर, चारच आहेत."

"मोजता येतं मला," मी तिच्यावर खेकसले. नंतर वाईट वाटलं, पण तेव्हा थांबायला वेळ नव्हता. चौघांना टोचलं, तिला त्यांच्याजवळ बसवलं, बाटली पेटीत ठेवली, पेटी खांद्याला लावली आणि निघाले. सहा डोस होते आणि दोन वाजून पाच मिनिटांपर्यंतचा वेळ होता. घरी जाऊन टोचायला परवानगी नव्हती. तीही मी मागितली नाही.

उपकेंद्रातून बाहेर पडलं की पहिलं दार आत्याचं. ते लोटलेलं होतं. मी थबकले, आणि पुढे गेले. आधी लोकांचं, मग घरचं. पंचवीस वर्षांची सवय, पाय आपोआपच पुढे पडले.

शुक्रवारच्या उरलेल्या तिघांकडे गेले. "घरीच मरू" म्हणणाऱ्या आजींनी दार उघडायलाच पंधरा मिनिटं लावली आणि टोचून झाल्यावर विचारलं, "एवढंच? मग एवढे दिवस का बसवून ठेवलंत?" प्रत्येक घरात टोचल्यावर अर्धा तास थांबावं लागत होतं. मी घड्याळाकडे बघत उभी, आणि घरची माणसं माझ्याकडे. चौथा डोस सुतारकाकांना दिला. "तीन आठवडे?" त्यांनी विचारलं. "झाले," मी म्हणाले. पाचवा गाडीवाल्याला, त्याच्या गाडीतच. बाही त्याने आधीच वर करून ठेवली होती.

पावणेदोनला आत्याच्या दाराशी आले. आत शिवणयंत्रावर अर्धं शिवलेलं कापड तसंच होतं. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजली होती. कपाळाला हात लावला आणि हात काढवेना.

"कधीपासून?"

"रात्रीपासून. तुझा कामाचा दिवस, म्हणून नाही कळवलं." ती उठायला लागली. बाही वर करू लागली. "आणलीस ना? दे पटकन."

ताप असलेल्या माणसाला लस देत नाहीत. हे मी हजार जणांना सांगितलं असेल. तिला नाही सांगितलं. ती बाही वर धरून तशीच बसली होती, आणि मी पेटी मांडीवर घेऊन. श्वास मोजले. जोरात चालले होते. मी गाडीवाल्याला हाक मारली, खालच्या दवाखान्यात फोन केला, खाट नाही म्हणाले, पुलापलीकडे फोन केला, तिथे मिळाली. पेटीतल्या डोसाची उरलेली वीस मिनिटं यात गेली. शेजारच्या घरातल्या कुणालाही तो देता आला असता. सुचलंच नाही.

शुक्रवारी दिला असता तरी चार दिवसांत त्याचा उपयोग झाला नसता, हे मला कळतं. मी नर्स आहे. पण पहिल्या शुक्रवारी, तीन आठवड्यांपूर्वी, सात जण आले होते. तेव्हा उघडली असती तर तिच्या अंगात आतापर्यंत काहीतरी ताकद आली असती, आणि ती त्या बाकावर पाच तास बसलीच नसती. आजार तिला कुठून लागला, हे शोधायला मला लांब जावं लागलं नाही. खिडकी पुन्हा लागली होती हेही मी पाहिलं होतं.

पलीकडच्या दवाखान्यात तिची खाट ढकलणारा पोरगा चोवीस वर्षांचा होता, तोही कंत्राटी. सहज विचारलं. त्याचे दोन्ही डोस दीड महिन्यापूर्वीच झाले होते. मला त्याचा राग आला. त्याचा काय दोष होता?

पाचव्या दिवशी तिचा फोन आला. ऑक्सिजनवर होती, दोन शब्दांमध्ये थांबत होती.

"बेबी, नऊ जणांना दिलीस म्हणे."

"हो."

"मग दहावं कोण होतं गं?"

"तूच होतीस, आत्या."

नळीचा आवाज येत होता. मग म्हणाली, "मग आधी माझ्याकडे नाही यायचं?" ती रागावली नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. नर्सने तिच्या हातातून फोन घेतला.

त्याच दुपारी मॅडमचा फोन आला. सुतारकाका, गाडीवाला, घरोघरी फिरणं, सगळं त्यांना कळलं होतं. त्यावर नंतर बोलू म्हणाल्या. आधी त्यांना वाया गेलेल्या डोसाचं कारण हवं होतं, कारण रकान्यात शून्याच्या जागी एक आला होता आणि फॉर्म वर जायचा होता.

"तीनच कारणं आहेत त्यात," त्या म्हणाल्या. "बाटली फुटली, वीज गेली, किंवा माणूस आलं नाही. माणूस आलं नाही, एवढं टाका आणि विषय संपवा."

"आली होती मॅडम," मी म्हणाले. "सात वेळा आली होती."