दोन आखूड रेघा

ऑफिसात त्याला सगळे मांजरपावल्या म्हणत, आणि हे नाव ठेवणारी तीच होती. माणूस पाठीशी येऊन उभा राहिला तरी पत्ता लागायचा नाही. मान वळवावी तर हा तिच्या स्क्रीनकडे बघतोय. "काही नाही बाई, चालू द्या," म्हणायचा आणि आला तसा निघून जायचा. आता 'काही नाही' म्हणून कुणी कुणाच्या पाठीमागे उभं राहतं का? तिच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून.

ती कंपनीची मॅन्युअल लिहायची. जुन्या फायली जपून ठेवायचं आणि नको त्या पुसायचं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवत असे. त्यातली कुठली कमांड कशी द्यायची, हे समजावून सांगणं तिचं काम. समजून घ्यायला कुणाला वेळ असतो म्हणा! लोक पानावरची कमांड उचलतात, चिकटवतात आणि बटण दाबून मोकळे होतात. म्हणून तिथे एक टिंबसुद्धा इकडचं तिकडे होऊन चालत नाही. तिने लिहिलेलं सामाईक फोल्डरमध्ये टाकायचं, मांजरपावल्याने ते उचलून त्याची पानं वेबसाइटवर चढवायची. मध्ये तिसरं कुणी नव्हतं.

आणि नेमका तिथेच घोळ झाला. पुसायच्या कमांडमध्ये 'आधी नुसतं दाखव, पुसू नको' अशा अर्थाचा एक शब्द घालता येतो. त्याच्या आधी दोन आखूड रेघा असल्या तरच प्रोग्राम त्याला ओळखतो. वेबसाइटवर त्या दोन रेघांची एक लांब रेघ झाली होती. दिसायला काय, उलट जास्त देखणी. पण प्रोग्रामने तो शब्द म्हणजे एखाद्या फायलीचं नाव असेल असं धरलं, तशी फाइल सापडली नाही म्हणून सोडून दिलं, आणि उरलेलं काम चोख बजावलं. एका दवाखान्यातले जुने एक्स-रे पार साफ झाले.

साहेबांनी दोघांना समोर उभं केलं.

"मी दिलेलं बरोबर होतं," ती म्हणाली.

"मला आलं तसंच मी चढवलं," मांजरपावल्या म्हणाला, आणि त्याने फोल्डरमधली फाइल उघडून दाखवली. तिच्यातही लांबच रेघ होती. पण ते फोल्डर त्यालाही उघडं होतं, मग त्यात काय सिद्ध होणार? तिने साहेबांना तसं तोंडावर सांगितलं. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला, आणि चोर असा शांत कसा राहू शकतो याचंच तिला नवल वाटलं.

मग तिने मागची पानं चाळली. महिन्याभरात कितीतरी ठिकाणी रेघा लांबलेल्या, सरळ अवतरणचिन्हांची वळणदार झालेली. म्हणजे हे एकदा चुकून झालेलं नव्हतं, कुणीतरी बसून करत होतं. हा आपल्या मेहुणीला इथे चिकटवायला बघतोय असं कँटीनमध्ये कानावर आलं होतंच. दोन अधिक दोन चार झाले. जेवताना तिने अप्पांना एवढंच सांगितलं, की ऑफिसातला एकजण आपल्या लिखाणात मुद्दाम चुका घालतो. अप्पा म्हणजे तिचे वडील, छापखान्यात जन्मभर प्रूफं तपासलेले. आई गेल्यापासून तिच्याकडेच राहत. "मुद्दाम चूक घालतो?" अप्पांचा घास हातातच राहिला. "असल्या माणसाला एक दिवस ठेवू नये."

तिने सापळा लावला. नवीन पान संध्याकाळी ऑफिसातच अक्षर न् अक्षर तपासलं, मोबाइलवर फोटो काढून ठेवला. लिहिलेलं एक रात्र मुरू द्यायचं आणि सकाळी घरून फोल्डरमध्ये टाकायचं, ही तिची जुनी शिस्त. त्याप्रमाणे टाकलं, ऑफिस गाठलं, फोल्डर उघडलं. लांब रेघा! तिला खरं सांगायचं तर आनंदच झाला. फोटो नाचवत ती साहेबांकडे गेली, आणि दुपारच्या आत मांजरपावल्याला, चौकशी होईपर्यंत घरी बसा, म्हणून सांगण्यात आलं.

जाताना तो तिच्या टेबलापाशी थांबला, या खेपेला समोरून आला. "बाई, फाइल टाकताना उघडून बघितली होतीत?"

"आदल्या संध्याकाळी बघितली होती."

"संध्याकाळचं नाही विचारलं. टाकताना?"

"तुम्ही मला शिकवू नका," ती म्हणाली. तो निघून गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजली, आणि ती वाजतात हे तिने पहिल्यांदाच ऐकलं.

प्रश्न मात्र दातात अडकल्यासारखा टोचत राहिला. संध्याकाळ आणि सकाळ यांच्यामध्ये लॅपटॉप कुठे असतो? घरी. घरी कोण असतं? हा विचार मनात आला याचीच तिला लाज वाटली. तिची आंघोळ आणि डबा होईपर्यंत अप्पा त्यावर बातम्या वाचत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना वाचनाचं पुन्हा वेड लागलं होतं. ऑपरेशनला महिनाच झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाथरूमचा नळ सोडला, दार बाहेरून ओढून घेतलं आणि अनवाणी पडद्याआड जाऊन उभी राहिली. स्वतःच्या बापावर पाळत! आता मांजरपावलं कुणाची म्हणायची?

अप्पा स्क्रीनला नाक लावून बसले होते. लहानपणी पाहिलेले तसेच त्यांचे ओठ हलत होते. बातमीतली एक लांब रेघ त्यांनी उचलली, तिच्या पानावर आले, दोन आखूड रेघा पुसल्या आणि तिथे ती चिकटवली. मग मान मागे घेऊन समाधानाने बघत बसले. तिनेच त्यांना उचलायला-चिकटवायला शिकवलं होतं.

"अप्पा!"

"अगं, आंघोळ नाही झाली?" ते जरासुद्धा दचकले नाहीत. "हे बघ. डॅशच्या जागी दोन-दोन हायफन ठोकलीत. टाइपरायटरवाले करायचे हा आळशीपणा. आमच्याकडे असलं प्रूफ गेलं असतं तर मी मान वर करून चाललो नसतो. रोज गुपचूप नीट करून ठेवतो. माझ्या पोरीला कुणी नावं ठेवायला नकोत."

रागवावं तर कुणावर? आणि त्याच क्षणी, नको असताना, तिला पुढचं सगळं स्वच्छ दिसलं. लॅपटॉपला पासवर्ड घातला की झालं. तो माणूस गेला आणि चुकाही थांबल्या, याहून मोठा पुरावा साहेबांना कशाला हवा? तिची नोकरी शाबूत, अप्पांना कळायचंही कारण नाही.

अप्पा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. नवी नजर होती, सगळं दिसत होतं.

"तो तुझ्या ऑफिसातला," ते सावकाश म्हणाले, "मुद्दाम चुका घालणारा. तो नेमकं काय करायचा?"

तिने स्क्रीनवरच्या लांब रेघेवर बोट ठेवलं. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावलाच नाही.

"त्याला फोन लाव," ते म्हणाले.

फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला. कशी सुरुवात करावी हे तिला कळेना. "फाइल टाकताना उघडली नव्हती मी," एवढंच ती म्हणाली. मग घरात काय झालं ते सगळं सांगितलं.

"मला वाटलंच होतं घरी काहीतरी होत असणार," तो म्हणाला. "पण तुम्ही तिकडे बघाल असं नव्हतं वाटलं."

"मी आत्ता साहेबांकडे जातेय. तुम्हीही या."

"तुमची नोकरी जाईल, बाई."

"हो," ती म्हणाली.

बाथरूममध्ये नळ तसाच वाहत होता. तो बंद करून ती बाहेर आली, तेव्हा अप्पा दाराशी बसून बुटाची नाडी बांधत होते.