पार्सलीच्या वाफ्यावरचा कोबा

राजमतीबाईंच्या परड्यात पार्सली आली ती चौऱ्याण्णवच्या दिवाळीत. भाच्यानं बेंगलोरहून बियांचं पाकीट आणलं होतं. बी भिजवून त्यांनी पेरलं आणि पंचवीस दिवस काहीच उगवलं नाही. सव्विसाव्या दिवशी कोंब दिसले, तेव्हा त्यांनी राजारामपुरीतल्या अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवले.

कोथिंबिरीसारखी दिसणारी, पण वासाला वेगळी अशी ती पानं त्यांनी आधी आमटीत घातली, मग पिठल्यात. घर जैनांचं. कांदा, लसूण, बटाटा, गाजर काही चालत नसे. चव आवडलीच, पण त्यांना हे झाड आवडलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. कोथिंबीर मुळासकट उपटून येते. हिची मात्र बाहेरची पानं खुडली की आतून नवी येतात; झाड मरत नाही. चातुर्मासात पालेभाजी बंद, तेव्हा चार महिने त्या पानाला हात लावत नसत. पावसानं कुजू नये म्हणून वर पत्र्याचा आडोसा तेवढा करत.

दुसऱ्या वर्षी झाडांनी उंच दांडे काढले, वर छत्रीसारखी पिवळट फुलं आली, बी धरलं आणि झाडं वाळून गेली. बाईंना वाटलं, पाणी जास्त झालं. भाच्यानं फोनवर सांगितलं, तिचं आयुष्यच दोन वर्षांचं. मग त्यांनी दोन वाफे केले. एकात यंदाची रोपं, दुसऱ्यात बी धरणारी झाडं. वाळलेली झाडं त्या वरूनच कापत, मुळं मातीतच राहत. जुनं बी उगवत नाही, हे एकदा फसल्यावर कळलं. तेव्हापासून जेवढं पिके तेवढं सगळं त्याच वर्षीच्या कार्तिकात पेरून मोकळ्या होत. अशी आठ-नऊ वर्षं गेली.

दोन हजार तीनच्या फाल्गुनात मुलानं, अनेकांतनं, मारुती घ्यायची ठरवली. गाडीला जागा हवी म्हणून परड्यात कोबा करायचा होता. आईनं नको म्हटलं नाही.

"बी पिकायला अजून महिना लागतोय," ती एवढंच म्हणाली. "चैत संपूस्तवर थांब. मग कर काय करायचं ते. मी कुंड्यांत लावीन."

"थांबतो की आई. गाडी काय उद्या येत न्हाय."

त्या भरवशावर राजमतीबाई अष्टान्हिका पर्वाच्या आठ दिवसांसाठी बाहुबलीच्या तीर्थाला गेल्या.

परतल्या तेव्हा फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत करडा कोबा पसरला होता. वर गोणपाटं अंथरलेली. सून आदिती नळीनं पाणी मारत होती. सासूला बघून तिनं नळी खाली टाकली.

"कधी केलं हे?"

"तुम्ही गेलासा त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मी म्हटलं हो त्यांना, आईंना येऊ द्यात म्हणून."

"झाडं?"

"कोंडाळ्यात टाकली. परवा कचऱ्याची गाडी घेऊन गेली."

बाई घरात गेल्याच नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या. आदितीनं आणलेला चहा तिथंच गार झाला. दुपारी अनेकांत दुकानातून जेवायला आला.

"आलीस व्हय? प्रवास बरा झाला न्हवं?"

"आठ दिवस देवाला गेलतो. माझी पाठ फिरायचीच वाट बघत होतास?"

"तसं न्हाय गं. गवंडी तेवढ्यातच मोकळा होता. आता बाजारात पाच रुपयाला कोथिंबिरीची पेंढी मिळती. त्या पाल्यासाठी एवढं काय?"

"थांबतो म्हणाला होतास."

अनेकांत चिडला. "आणि एक सांगू? उपटताना मुळं बघितली मी. पांढरी, जाड, गाजरासारखी. कंदमूळ हाय ते! एवढी वर्षं तू परड्यात कंदमूळ लावत होतीस, आणि नियम सांगतीस आमाला."

राजमतीबाई उठल्या. त्यांचा आवाज गल्लीभर गेला.

"मूळ मला ठावंच न्हाय! एवढ्या वर्षांत एक झाड उपटलं न्हाय मी. तू बघितलंस, कारण तू उपटलंस. कबूल करून उपटलंस, आणि आता माझाच धर्म माझ्या तोंडावर मारतोस?"

न्हाणीघरामागं पहार होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी ओढत आणली आणि वाफा जिथं होता तिथं कोब्यावर घातली. दोन इंचांचा कोबा, अजून पुरता मुरला नव्हता. चौथ्या घावाला तडा गेला.

"आई, येड लागलंय का? लोक बघायलेत!"

"बघू दे की! पहारीला हात लावशील तर याद राख."

त्यानं हात मागं घेतला. अधूनमधून बसत, पुन्हा उठत, संध्याकाळपर्यंत त्यांनी चटईएवढी जागा उघडी केली. तळहात फोडांनी भरले. आदितीनं ढेकळं पाटीत भरून फाटकाबाहेर नेली. नवऱ्यानं हाक मारली, तेव्हा तिनं वळूनही पाहिलं नाही. खालून निघाली ती दाबली गेलेली माती, मुरूम आणि सिमेंटचे गोळे. झाडं परत मिळणार नव्हती, हे बाईंना ठाऊक होतं. त्यासाठी त्यांनी पहार घेतलीच नव्हती.

पुढच्या आठवड्यात अनेकांतनं गवंड्याला पुन्हा बोलावलं. राजमतीबाई स्टूल टाकून खड्ड्यात बसल्या. गवंडी तासभर थांबला, मग थापी उचलून निघून गेला. मारुती आली ती गल्लीतच उभी राहू लागली.

दिवाळीनंतर भाच्याकडून नवं पाकीट आलं. सिमेंट मिसळलेल्या त्या मातीत जेमतेम नऊ रोपं जगली. अनेकांत चुकलो असं कधी म्हणाला नाही आणि बाईंनीही राग सोडला नाही. दूध, गॅस, पाहुणेरावळे, सगळं बोलणं चालू होतं. पण तो परड्याचा विषय काढायचा, तेव्हा त्या ताट अर्धवट ठेवून उठायच्या.