पाठमोरी

"ॲम्ब्रोज, बस काढ."

डॉर्कसताई बसच्या पायरीवर उभी होती. हातात फरशी पुसायचा दांडा तसाच. त्याच्या चिंध्यांतलं पाणी पायरीवर टपकत होतं आणि पडता पडता गोठत होतं. अंगात कोट नव्हता, नुसता कंपनीचा नारिंगी डगला. पायांत आतल्या फरशीवर वापरायचे पातळ रबरी बूट.

मी स्टिअरिंगवर डबा ठेवून जेवत होतो. बस चालूच होती. आमच्याकडं डिसेंबरात कोणी इंजिन बंद करत नाही.

"दार लाव आधी," मी म्हणालो. "शून्याखाली अडतीस आहे बाहेर. कुठं निघालीस अशी?"

"बारा वाजता धरणाची आठही यंत्रं सोडतायत. पूर्ण."

मी डबा बाजूला ठेवला. पुढचं तिनं सांगायची गरज नव्हती. तिचे वडील, एलियाझरकाका, आठ दिवसांपूर्वी नदीपलीकडं सापळ्यांच्या रानात गेले होते आणि ते आज परतणार होते. सोबत ताईची लिडिया होती, नऊ वर्षांची. शाळेला सुट्टी लागली आणि पोरगी हट्टानं आजोबांच्या मागं, बर्फावर चालणाऱ्या गाडीवर बसून गेली होती. काका नदी नेहमी एकाच ठिकाणी ओलांडायचे, अस्वलाच्या वळणावर. आणि नेहमी दोनच्या सुमाराला, म्हणजे अंधार पडायच्या आत वस्तीवर पोचता येतं.

बारा वाजता धरणातून सोडलेलं पाणी दोनपर्यंत वळणावर पोचतं.

ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना वाटतं, नदी गोठली म्हणजे गोठली. पण खालून पाण्याचा लोंढा आला की काठाजवळचा बर्फ उचलतो, फाटतो, आणि त्या फटींतून पाणी वर येऊन बर्फावर पसरतं. वरचं हिम मात्र जसंच्या तसं, पांढरंशुभ्र. पाय घालेपर्यंत कळत नाही. त्या थंडीत गुडघ्यापर्यंत भिजलेला माणूस फार लांब जात नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही काकांच्या भावाला तिथूनच आणलं होतं, कुऱ्हाडीनं बर्फ फोडून.

"तू सांगितलंस का कोणाला?" मी विचारलं.

"सांगितलं तर! मी यंत्रांच्या कक्षात टेबलाखाली पुसत होते, तो पाळीवरचा केलर साहेब फोनवर बोलत होता. शहरात थंडी वाढली, वीज कमी पडतेय म्हणे. मी म्हटलं, साहेब, नदीवर माझी पोरगी आहे. बिचारा पांढरा पडला. त्यानं लगेच वर फोन लावला."

"मग?"

"वरचा म्हणाला, सूचना परवाच लावलीय. दुकानांच्या इमारतीत, फलकावर. मी म्हटलं, सापळे लावणारा म्हातारा रानातून तुमचा फलक वाचायला येणार आहे का? अर्धा तास थांबा म्हटलं, एक तास थांबा. तर तो विचारतो, त्यांच्याकडं नदी ओलांडायचा परवाना आहे का?" ती हसली. ते हसणं मला आजही नको वाटतं. "चल ना रे. बसलायस काय!"

मी बस काढली.

आता माझंही सांगायला हवं. अकरा वर्षं हंगामी कामगार म्हणून काढल्यावर त्याच वर्षी मला कायम केलं होतं. घरांच्या यादीत नाव लागलं होतं. रुळांच्या त्या बाजूला, कंपनीच्या गावात, नळ असलेलं घर. आमच्या वस्तीत पाणी टाकीच्या गाडीनं यायचं, आणि गाडी नादुरुस्त झाली की नदीवरून. माझी बायको मेबल त्या न मिळालेल्या घरात पडदे कुठले लावायचे ते ठरवून मोकळी झाली होती. आणि साडेबारा वाजता मला मेसमधून बेचाळीस माणसं उचलून कामावर सोडायची होती. बस ठरलेल्या रस्त्याबाहेर नेली तर काय होतं, ते माझ्या आधीच्या ड्रायव्हरचं मी पाहिलं होतं.

"वस्तीवरून कोणाची गाडी घेऊ या का?" मी म्हणालो.

"कुणाची? चालू अशा दोनच आहेत. एक बाबांकडं, दुसरी सकाळीच लाकडांना गेली. खडीच्या खाणीपर्यंत रस्ता साफ असतो. तिथं सोड. पुढं मी चालत जाते."

"पुढं सहा किलोमीटर आहे, ताई."

"मला माहितीय किती आहे ते."

वाटेत ती पुढच्या काचेकडं बघत पुटपुटत होती. मला वाटलं प्रार्थना करतेय. कान दिला तर हिशोब चालला होता तिचा: आज बाबा उशिरा उठले असतील, लिडियाला भूक लागली असेल, चहाला थांबले असतील, पट्टा तुटला असेल गाडीचा. स्वतःच्या बापाची गाडी बिघडू दे म्हणून ती देवाला गळ घालत होती.

खाणीपाशी रस्ता संपला. पुढं झाडांतून आमच्या लोकांची पायवाट, गाडीनं दाबलेली, बसला अशक्य. मी माझा कोट काढून तिच्या अंगावर टाकला. हातमोजे दिले. मग तिच्या पायांकडं लक्ष गेलं.

"बूट काढ," मी म्हणालो. "माझे घाल."

मेबलनं शिवलेले, हरणाच्या कातड्याचे, आतून सशाची लव. तिला मोठेच होत होते, पण तिनं ते दोरीनं घट्ट आवळले. तिचे रबरी बूट मी टाचा चेपून कसेबसे चढवले. त्याही वेळी ती म्हणाली, "नाचायला निघाल्यासारखा दिसतोयस."

मग ती थांबली. माझ्याकडं बघितलं. फार नाही, चार-पाच श्वासांपुरतं. तिनं काही मागितलं नाही. दोघं असतो तर एकाला पळत पुढं जाता आलं असतं, एक पडला तर दुसऱ्यानं उचलला असता. हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

मी घड्याळ पाहिलं.

"जा तू," ती म्हणाली. "माणसं खोळंबतील तुझी."

बस वळवताना आरशात नारिंगी डगल्याची कड दिसली, मग झाडं आड आली.

साडेबारा वाजता मी मेसच्या दारात होतो. दोन मिनिटं आधीच, खरं तर. माणसं चढली, कोणीतरी माझ्या बुटांवरून थट्टा केली, मीही हसलो. धरणावरून जाताना खाली बघू नये असं ठरवलं होतं, तरी बघितलं. आठही तोंडांतून पाणी उसळत होतं आणि त्याची वाफ गोठून अख्ख्या नदीवर पांढरा पडदा झाला होता. काका म्हणायचे, शहरवाल्यांना ऊब हवी झाली की आमचे पाय भिजतात. एरवी आम्ही या वाक्याला हसायचो.

दीड वाजता सफाईचा मुकादम बसपाशी आला.

"ती डॉर्कस कुठं गेली रे? बादली अर्ध्या वाटेत टाकून पसार. तुमच्यातलीच ना ती?"

"मला काय माहीत?" मी म्हणालो.

तो गेला. मी नुसता बसून राहिलो. दोन वाजले. सव्वादोन. आतापर्यंत जे व्हायचं ते झालं असेल, असं दर पाच मिनिटांनी मनात यायचं आणि मग पुढची पाच मिनिटं सुरू व्हायची. कोट नसल्यामुळं मी बसमध्येही कुडकुडत होतो. थंडीनंच, असं स्वतःला सांगत होतो.

तिकडं काय घडलं ते मला पुढं तुकड्या-तुकड्यांनी कळलं. काही काकांकडून, थोडं ताईकडून.

ती काठावर पोचली तेव्हा काका नदीच्या बर्फावर उतरलेले होते. पलीकडच्या काठापासून तिसरा हिस्सा येऊन चुकले होते. गाडीमागं लाकडी घसरगाडी, त्यावर कातडी आणि मांस. लिडिया आजोबांना मागून बिलगलेली. अलीकडच्या काठाला हिमाचा रंग किंचित करडा झाला होता. ज्याला ओळखता येतं त्यालाच ओळखू यावा इतकाच.

ताईनं दोन्ही हात वर करून हलवले. ओरडली. गाडीच्या इंजिनापुढं ते काय ऐकू जाणार? काकांनी तिला पाहिलं मात्र. लेक कामावरून लवकर सुटून घ्यायला आलीय, असं त्यांना वाटलं. लिडियानंही हात वर केला. आणि काकांनी गाडीचा वेग वाढवला.

ताई जितक्या जोरानं हात हलवी, तितके ते जोरात येत होते.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तिनं हात खाली घेतले. पाठ फिरवली. आणि चालायला लागली, काठ चढून सरळ झाडांत.

"मागं वळून पाहिलं असतं तर ते आले असते," एवढंच ती मला म्हणाली. झाडांत शिरून ती एका खोडाला तोंड लावून उभी राहिली. इंजिनाचा आवाज येत होता. मग तो थांबला. थांबला म्हणजे काका थांबले की गाडी बुडाली, हे तिला कळायला मार्ग नव्हता. तरी ती वळली नाही. किती वेळ, ते तिलाही सांगता येत नाही.

काका सांगतात, "मी म्हटलं, हिला झालं काय? पोटच्या पोरीकडं बघून कुणी पाठ फिरवतं? माझी डॉर्कस तर नाहीच. म्हणून गाडी थांबवली. कुऱ्हाड घेऊन दहा पावलं पुढं गेलो आणि घाव घातला. पाणी पार कोपरापर्यंत उडालं."

मागं फिरताना घसरगाडी ओल्यात रुतली. काकांनी दोर कापला आणि आठ दिवसांची कमाई तिथंच सोडून पोरीला घेऊन पलीकडचा काठ गाठला.

मी पोचलो तेव्हा पाच वाजले होते. लाकडांना गेलेली गाडी परत आली आणि मी ती मागून घेतली. अंधार पडला होता. वाटेवर तिच्या पावलांचे ठसे दिसत होते, माझ्याच बुटांचे. एके ठिकाणी ती पडली होती, तिथं हिमात हातांच्या खुणा होत्या. एका ठिकाणी परत पडली होती.

मग झाडांतून उजेड दिसला. काठावर तिनं मोठी शेकोटी पेटवली होती. आणि नदीपलीकडं, पार लांब, दुसरी. दाण्याएवढी.

"दोघं आहेत?" मी विचारलं. 

"दोघं आहेत. मघाशी आगीपुढून दोन सावल्या गेल्या."

मी थर्मासमधला चहा पुढं केला. तिनं घेतला. तिच्या गालावर दोन पांढरे डाग पडले होते, थंडीनं जाळल्याचे. ते शेवटपर्यंत गेले नाहीत. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"लाकडं संपत आलीत," ती म्हणाली. "मोठी तोड. त्यांना आग दिसायला हवी."

मी लाकडं तोडली.

पुढं तिचं काम गेलं. काम सोडून न सांगता निघून गेली, असा शेरा पडला. खाणीपर्यंत कोणी सोडलं, असं ऑफिसात विचारलं तेव्हा ती म्हणाली, "चालत गेले." धरणापासून वीस किलोमीटर! साहेबांनी ते लिहून घेतलं. मी दाराबाहेर बसलो होतो, मला सगळं ऐकू येत होतं. आत जाऊन सांगायला दहा पावलं पुरली असती. मला घर मिळालं. मेबलनं पडदे लावले. मी आणखी एकोणीस वर्षं बस चालवली.

पण ते सगळं नंतरचं. त्याआधी तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरून बर्फ पुन्हा घट्ट झाला. गाडी पलीकडंच ठेवून काका पायी पुढं, दर चार पावलांना कुऱ्हाडीनं बर्फ तपासत, आणि मागं हात धरून लिडिया. अलीकडच्या काठावर आम्ही दोघं. ताई तीन दिवसांत दोन वेळा घरी गेली होती, तीही फक्त कोरडे कपडे आणायला.

ते काठाला लागले. काका बर्फावरच बसले. ताई खाली उतरली आणि तिनं हात पसरले.

लिडिया थांबली. आईकडं पाहिलं.

"मी हात केला होता," ती म्हणाली. "तू निघून गेलीस."

"तीन दिवस सांगतोय तिला," काका दमून म्हणाले. "ऐकतच नाही."

ताई खाली वाकून पोरीच्या टोपीची नाडी बांधायला गेली, तर लिडियानं मान फिरवली. बाजूनं निघून ती काठ चढली आणि सरळ माझ्यापाशी येऊन माझ्या कमरेला मिठी मारली.

"मामा, घरी चल."

माझे हात तिच्या पाठीवर ठेवायचेसुद्धा मला सुचेना. ताई खालून आमच्याकडं बघत होती. काहीच झालं नसल्यासारखी ती वर आली, काकांना हात देऊन तिनं मी मागून आणलेल्या गाडीवर पुढं बसवलं, त्यांच्या गुडघ्यांवर घोंगडं टाकलं.

गाडीवर तिघांपुरतीच जागा होती.

"मामाला घट्ट धर," ती लिडियाला म्हणाली.

मी गाडी अगदी हळू चालवली. इतकी हळू, की ती मागून पायी येत होती तरी शेवटपर्यंत तिच्या पावलांखालचं हिम करकरताना ऐकू येत होतं.