कस्तुराबाईच्या नावाची शपथ

“आई, तुझी शपथ मोडली तर तू खरंच मरशील का?”

शेळीची धार काढता काढता कस्तुराबाईनं मान वर केली. दहावीतली तिची लेक सारजा दोन दिवस धड जेवली नव्हती.

“कुणी घातली माझी शपथ?”

“वच्छलानं. ‘सुटली म्हण’ म्हणून पाया पडले तिच्या. म्हणतच नाय.”

“माझ्या नावाची हाय ना? मग मीच सोडते. सुटली, सुटली, सुटली. बोल आता.”

सारजानं एका दमात सांगितलं. हर्सूलच्या एवढ्या उन्हातही तिची मैत्रीण वच्छला महिनाभर पूर्ण बाह्या घालत होती. परवा बाही सरकली आणि हातावरच्या खुणा दिसल्या. मांजरानं ओरबाडलं म्हणाली. पण तिच्या घरी मांजर कुठं होतं? मग सारजानं सरळच विचारलं, मरावंसं वाटतं का तुला? वच्छला रडत व्हय म्हणाली आणि कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली.

“या वयात पोरी नाटकं करत्यात गं,” कस्तुराबाई म्हणाली.

“नाटक करणारी दाखवती, आई. ही तर झाकती.”

कस्तुराबाईनं धार काढणं थांबवलं. “पण असं तोंडावर विचारू नाय. नसलेलं मनात भरतं.”

“नाय भरत. विचारलं तवा पहिल्यांदा माझा हात धरला तिनं. म्हणली, मरायचं नाय, हे दुखणं थांबायला पायजे.”

आपल्याला एवढं कळायला किती वर्षं लागली असती, असं कस्तुराबाईच्या मनात आलं. दुधाचं भांडं तिथंच ठेवून ती सारजाला घेऊन वच्छलाच्या घरी गेली.

सगळं ऐकून वच्छलाच्या आईनं, सरूबाईनं, आधी कपाळ बडवून घेतलं, मग लेकीला पोटाशी धरलं. तिच्या खांद्यावरून वच्छला ओरडली, “सारजे, तू माझी मैत्रीण नायस!”

“नसू दे,” सारजा म्हणाली. “तू राहा फक्त.”

सरूबाईनं त्या रात्री लेकीला क्षणभर एकटं सोडलं नाही. सकाळी चौघी शहरातल्या घाटी या सरकारी दवाखान्यात गेल्या. मनाच्या डॉक्टरीणबाईंनी वच्छलाचं पाऊण तास ऐकून घेतलं, दर मंगळवारी यायला सांगितलं.

बाहेर बाकावर वच्छला सारजापासून हातभर लांब बसली. बराच वेळ ती कस्तुराबाईकडे चोरून बघत होती. शेवटी हळूच म्हणाली,

“काकू, तुमाला काय झालं नाय ना?”

“मला काय धाड भरलीय!”

वच्छलाला हसू फुटलं. ती थोडी सारजाकडे सरकली.