घट्ट गाठ

मावशीच्या दुकानात दोऱ्याशिवाय काही नव्हतं, तरी गिऱ्हाइकांना खंड नसायचा. कुणाची उचकी, कुणाच्या लेकराचं झोपेत दचकणं, कुणाच्या नवऱ्याचं घोरणं. मावशी ओल्या सुती दोऱ्याला गाठ मारायची आणि त्रास तिथेच बांधला जायचा. घोरण्याच्या गाठी तिने वेगळ्या खणात ठेवल्या होत्या, कारण निम्म्या बायका महिन्याभरात परत यायच्या. घर फारच शांत झालंय, सोडवा म्हणायच्या.

सोडवणं मात्र ज्या हाताने गाठ मारली त्याच हाताला जमतं. दुसऱ्याने कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही.

दोन वर्षांपूर्वी मावशीची बहीण आपल्या मुलीला घेऊन आली होती. "चार दिवस ठेव" म्हणाली आणि गेली ती गेलीच. ती भाची आता पंधराची झाली होती. तिच्या हातात अशी जादू होती की मावशीचा ऊर भरून यायचा.

"मावशी, सोडवायचं कधी शिकवणार?" ती सारखी विचारायची.

"आधी घट्ट मारायला शीक. सोडवायला आलं की हात ढिला पडतो."

मावशी स्वतः अशीच शिकली होती. तीन वर्षं नुसती गाठ, मग दोन वर्षं सोडवण. यात काही चुकतंय असं तिच्या कधी मनातसुद्धा आलं नाही.

एका दुपारी शेजारची बेकरीवाली पिठाचे हात तसेच घेऊन दुकानात शिरली. सोबत तिची मुलगी होती, शाळेत भाचीच्याच बाकावर बसणारी, भाचीची जिवलग मैत्रीण. ती ओठ हलवत होती, पण शब्द फुटत नव्हता. घशातून नुसते हुंदके येत होते.

"सकाळी माझं डोकं खात शाळेत गेली हो," बेकरीवाली म्हणाली, "आणि आली ती अशी!"

मावशीने भाचीकडे पाहिलं. भाचीने दप्तरातून गाठ मारलेला दोरा काढला.

"ती सगळ्या वर्गाला सांगत होती, हिच्या आईने हिला टाकलंय म्हणून. मी तीनदा म्हटलं गप्प बस. तीनदा, मावशी."

मावशीने गाठ उजेडात धरली. बारीक, गोल, टोक कुठे दडलंय ते दिसेना. असली गाठ तिला उभ्या आयुष्यात जमली नव्हती. क्षणभर तिला चक्क अभिमान वाटला, आणि लगेच स्वतःचीच शिसारी आली.

"बघताय काय? सोडवा!" बेकरीवाली ओरडली.

"माझ्याने नाही सुटायची. हिनेच सोडवायला हवी."

"मग सोड ना गं!"

"मला कुठे येतं?" भाची म्हणाली. तिने हे मावशीकडे बघून म्हटलं.

तरी मावशीने घाईघाईत तिला दोऱ्याचा पदर दाखवला, कुठून धरायचं, किती हलकं ओढायचं ते सांगितलं. भाचीने पदर चिमटीत धरला. तिने ओढलं आणि गाठ सुटायच्या ऐवजी आवळली. मैत्रिणीचे हुंदके एकदम थांबले. तोंड उघडं, गालांवरून पाणी वाहतंय, आणि दुकानात चिटपाखराचाही आवाज नाही.

"हात काढ!" मावशी किंचाळली. "अजून ओढशील तर श्वास आवळेल तिचा!"

दुसऱ्या दिवशी गाठवाल्यांच्या मंडळाचे दोन म्हातारे आले. त्यांचा नियम सरळ होता. विद्या वाकडी वापरली तर हातातला दोरा कायमचा काढून घ्यायचा, मग त्या हाताला ना गाठ मारता येते ना सोडवता.

"कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही," भाची म्हणाली. "मी चोरून बघितलं."

"खोटं बोलतेय ती," मावशी म्हणाली. "मी शिकवलं. घट्ट मारलीस म्हणून शाबासकीसुद्धा दिली. सोडवायचं तेवढं शिकवलं नाही. दोरा काढायचा तर माझा काढा. हिचा काढलात तर ती पोर जन्मभर मुकी राहील."

"तुमचा काढला तर हिला शिकवणार कोण, बाई?" त्यातला एक म्हणाला.

दोरा कुणाचाच न काढता म्हातारे "बघू" म्हणून गेले. जबाबदारी कुणाची हे ठरलं असतं तरी त्या पोरीचा आवाज काही परत आला नसता.

बेकरीवाली दारातूनच बोलली. "शिकवा तिला. पण माझ्या पोरीच्या गळ्यावर नाही."

तेव्हापासून भाची साध्या दोऱ्यावर शिकते. दहातल्या नऊ गाठी आवळतात. शाळा सुटली की मैत्रीण येते, समोरच्या बाकावर बसते आणि वही उघडून दाखवते. पानावर एकच शब्द आहे, "आज?" रोज तेच पान, कोपरा पार मळलेला. मावशी नाही म्हणून मान हलवते. मैत्रीण वही मिटते, पण उठून जात नाही. भाचीच्या बोटांकडे बघत बसते.

काल भाचीने मान वर न करता विचारलं, "मावशी, एवढी घट्ट गाठ कधी कुणी सोडवलीय का गं?"

मैत्रीणही मावशीकडे बघू लागली. तिचे कान शाबूत होते. मावशीला खरं उत्तर ठाऊक होतं. तिने नवा दोरा पाण्यात बुडवला, पिळला आणि भाचीच्या हातात दिला.

"आधी हात सैल सोडायला शीक," ती म्हणाली.